गलतीकरांस पत्र गटात वाचायचं तर कोणतं मराठी बायबल घ्यावं?

बायबल घ्यायला दुकानात गेलं की चर्चा कव्हर, चेन आणि सोनेरी कडा यांचीच होते. इथे कसोटी वेगळी आहे. आठ-दहा माणसांचा घरगुती गट गलतीकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने लिहिलेलं नव्या करारातलं एक पत्र, वाचणार असेल, तर त्यांच्या हातात कोणती आवृत्ती द्यावी, गट चालवणाऱ्याजवळ कोणती असावी आणि फोनवरच्या आवृत्त्या कुठवर कामाला येतात, एवढंच पाहिलं आहे. स्तोत्रसंहिता वाचायला किंवा शब्बाथशाळेत मुलांना गोष्टी सांगायला निकाल वेगळा लागेल.

हेच पत्र घेण्याचं कारण असं की ख्रिस्ती माणसाचं स्वातंत्र्य आणि त्याची ओळख हे दोन्ही प्रश्न पौलाने इथे एकमेकांत असे गुंफलेत की एकाला धरलं की दुसरा आपोआप हाती येतो. पत्र छोटं आहे. 6 अध्याय, 149 वचनं, मोठ्याने सलग वाचलं तर साधारण पंचवीस मिनिटं. गलतीयातल्या मंडळ्यांमध्ये पौल निघून गेल्यावर काही उपदेशक आले. ते येशूला नाकारत नव्हते. ‘विश्वास ठेवलात हे छानच झालं, पण देवाच्या लोकांत पुरतं सामील व्हायचं तर सुंता करून घ्या, ठरलेले दिवस पाळा,’ असं त्यांचं म्हणणं. पौल यावर खवळतो. इतर बहुतेक पत्रांच्या सुरुवातीला तो वाचणाऱ्यांबद्दल देवाचे आभार मानतो, इथे तेही नाही, सहाव्या वचनापासून थेट विषयाला हात. सुंतेची अट मान्य केलीत तर ख्रिस्ताचा तुम्हाला काही उपयोग नाही, इतक्या टोकाला तो जातो (5:2, म्हणजे पाचव्या अध्यायातलं दुसरं वचन). कारण त्याच्या लेखी देवाने या लोकांना आधीच मुलं म्हणून घरात घेतलं आहे. वारसाने आपली जागा कष्टाने कमवायला लागणं म्हणजे बापाने दिलेलं नाव नाकारणं.

हा युक्तिवाद पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत एका दमात चालतो. म्हणून भाषा सोपी आहे का, हे नंतर बघावं. पानावर युक्तिवादाची साखळी तुटते का, हे आधी बघावं.

दुकानात उभं राहून करायच्या चाचण्या

पहिलं, 2:11 ते 21 उघडा. अंत्युखिया शहरात जेवणाच्या पंगतीवरून पौल येशूचा शिष्य पेत्र याला सगळ्यांसमोर तोंडावर बोलतो तो हा भाग. पौलाचं ते बोलणं नेमकं कुठे संपतं? मूळ ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नव्हती, त्यामुळे काही अनुवादक 14 व्या वचनाशी चिन्ह मिटवतात, काही 21 व्याशी. फरक बारीक वाटतो, पण गटात तो जाणवतो. 14 शी मिटवलं तर पुढचा भाग गलतीकरांना केलेला स्वतंत्र उपदेश होतो. 21 शी मिटवलं तर ‘मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे’ हे वाक्य जेवणाच्या पंगतीवरून पेटलेल्या वादात, भर सभेत उच्चारलेलं ठरतं. दोन्ही वाचनांना अभ्यासकांचा आधार आहे. आवृत्ती तळटीप देऊन दुसरी शक्यता दाखवत असेल तर ती अभ्यासाला चांगली.

इथेच आणखी एक खळगा आहे. 2:7-8 मध्ये ‘पेत्र’ असं नाव येतं आणि लगेच 9, 11 आणि 14 मध्ये ‘केफा’. मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे. पहिल्यांदा वाचणारा हमखास दोन माणसं समजतो आणि सगळ्या प्रसंगाचा धागा हरवून बसतो. केफा म्हणजेच पेत्र, हे खाली टिपेत आहे का बघा. नसेल तर गट सुरू होण्याआधी पेन्सिलीने लिहून ठेवा.

दुसरं, 3:23 ते 4:7. नियमशास्त्र, म्हणजे मोशेने दिलेले नियम, बालरक्षकासारखं होतं, आता विश्वास आला आहे, तुम्ही सगळे देवाची मुलं आहात, मुलं आहात म्हणून वारीस आहात, आणि वारीस लहान असतो तोवर तो दासापेक्षा वेगळा नसतो. हे सगळं एकच विधान आहे आणि त्याच्या बरोबर मधोमध चौथ्या अध्यायाचा आकडा येऊन बसला आहे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. नव्या करारातल्या वचनांचे आकडे 1551 साली पॅरिसच्या रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. पौलाने यातलं काही केलेलं नाही. पण छापणारा मोठ्ठा आकडा, ठळक शीर्षक आणि वर दोन ओळी मोकळी जागा सोडतो, आणि वाचणारा तिथे थांबतो. पुढच्या आठवड्यात 4:1 पासून सुरू केलं की वारसाचा दाखला अधांतरी लटकतो. शीर्षकं बारीक टायपात आणि परिच्छेद सलग असलेली छपाई इथे सरस ठरते. प्रत्येक वचन नव्या ओळीवर छापलेलं असेल तर वचन शोधायला सोपं जातं, पण पत्र हे म्हणींच्या यादीसारखं दिसू लागतं.

तिसरं, 6:2 आणि 6:5 शेजारी ठेवून वाचा. एकमेकांची ओझी वाहा, असं आधी म्हटलंय आणि तीनच वचनांनी, प्रत्येकाने आपापला भार वाहावा, असं. ग्रीकमध्ये इथे दोन वेगळे शब्द आहेत, एक चिरडून टाकणाऱ्या वजनाचा आणि दुसरा ज्याच्या त्याच्या वाट्याच्या गाठोड्याचा. मराठीत दोन्हीकडे एकच शब्द आला की गटात कोणीतरी ‘बायबल स्वतःलाच खोडतं’ म्हणतो आणि अर्धा तास तिथेच जातो.

चौथी चाचणी डोळ्यांची. पातळ कागदावर मागच्या पानाची शाई उमटते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही, म्हणून पान खिडकीकडे धरून बघा. गटात वयस्क माणसं असतील तर मोठ्या टायपाची प्रत घ्यावी. बोटाची खाच असलेली, म्हणजे थंब इंडेक्सची प्रत घेणार असाल तर हे ध्यानात ठेवा की छोटी पत्रं बहुधा एकाच खाचेत कोंबलेली असतात. गलतीकरांस पत्र करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आणि इफिसकरांस पत्राच्या मध्ये जेमतेम काही पानांचं आहे. तिथे रंगीत रिबन लावून ठेवलेली बरी.

पवित्र शास्त्र, आर.व्ही. (री-एडिटेड), बायबल सोसायटी ऑफ इंडिया

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये वेदीवर, व्यासपीठावर आणि घराघरांत असते ती हीच. पाठांतर हिच्यातलं, पाळकांचा उपदेश हिच्यावर, लग्नाच्या आणि मातीच्या उपासनेत वाचलं जातं तेही हिच्यातलंच. गटात सर्वांकडे एकच मजकूर असणं ही मोठी सोय आहे. दहा जणांत चार आवृत्त्या असल्या की ‘माझ्यात असं नाहीये’ यातच वेळ जातो.

या पत्रासाठी हिचं बळ सातत्यात आहे. नियमशास्त्र, नीतिमान ठरणे (देवापुढे निर्दोष ठरणे), देह, आत्मा, वचन, वारीस हे शब्द पहिल्यांदा येतात तसेच पुढेही येत राहतात, त्यामुळे पेन्सिल घेऊन एकच शब्द सहा अध्यायांत शोधत गेलं की पौलाची वीण उघड होते. हा व्यायाम गटाने जरूर करावा. ‘देह’ या शब्दाखाली रेघ मारत गेलात तर दिसेल की सुंतेचा प्रश्न आणि पाचव्या अध्यायातली देहाची कर्मं एकाच सूत्रात ओवलेली आहेत. सोप्या आवृत्त्यांत ‘देह’ कधी ‘मानवी स्वभाव’ होतो, कधी ‘शरीर’, आणि सूत्र हातातून निसटतं.

दोष भाषेचा आहे, पण तो दोष सगळ्यांसाठी सारखा नाही. ‘ठायी’, ‘पाचारण’, ‘प्रीत्यर्थ’ हे शब्द चर्चमध्ये वाढलेल्याला घरचे वाटतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला किंवा नव्याने विश्वासात आलेल्याला ते अडतात, आणि तो न विचारता मान डोलावतो. तिसऱ्या अध्यायातली लांब वाक्यं मोठ्याने वाचताना श्वास पुरत नाही. गटाच्या हातात हीच द्यावी, पण पहिलं वाचन हिच्यातून करू नये.

सोप्या आणि समकालीन आवृत्त्या

बायबल सोसायटीचीच सोप्या भाषेतली सी.एल. आवृत्ती आहे, आणि बिब्लिका या संस्थेची मराठी समकालीन आवृत्ती आहे. दोन्ही फोनवर वाचता येतात. पहिल्या बैठकीत पत्र सलग ऐकवायला समकालीन भाषाच हवी. पौलाचा राग, त्याची कळकळ, ‘माझ्या मुलांनो, मला पुन्हा प्रसूतिवेदना होताहेत’ हा चौथ्या अध्यायातला (4:19) गहिवर, हे सगळं आजच्या वाक्यांत थेट पोचतं.

मात्र सोपं करताना लांब वाक्यांचे तुकडे होतात, आणि तुकडे होताना ‘कारण’, ‘म्हणून’, ‘यास्तव’ हे जोडणारे शब्द गळतात. गलतीकरांस पत्र त्या जोडशब्दांवरच उभं आहे. 3:10 ते 14 हा भाग घेऊन बघा. पाच वचनांत पौल जुन्या कराराचे चार दाखले देतो आणि प्रत्येक दाखला मागच्यावर टेकलेला आहे. ‘कारण’ गळालं की चार सुटी विधानं उरतात. त्यामुळे ऐकायला समकालीन, खोदायला आर.व्ही.

सुबोध बायबल

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा हा अनुवाद. साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार त्यांना याच कामाबद्दल मिळाला, आणि 2020 च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 च्या जुलैत ते गेले. त्यांचं मराठी वाचणाऱ्याला परकं वाटत नाही, आणि टिपा व प्रस्तावना अशा वाचकासाठी लिहिल्यात ज्याने चर्चची पायरी चढलेली नाही.

गट चालवणाऱ्याजवळ ही एक प्रत असावीच. शेजारचे, कॉलेजातले मित्र गटात येऊन बसणार असतील तर जास्तच. ‘नीतिमान ठरणे म्हणजे काय’ हे चर्चच्या शब्दांत सांगायची सवय लागलेल्या माणसाला ते साध्या मराठीत कसं सांगता येतं, हे इथे बघायला मिळतं. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचा सोळाव्या शतकातला सगळ्यात मोठा वाद याच पत्रातल्या प्रश्नावरून झाला, म्हणून एका कॅथलिक धर्मगुरूच्या टिपा शेजारी ठेवून हे पत्र वाचणं प्रॉटेस्टंट गटाला उपकारक आहे. ग्रंथ जाडजूड आहे, मांडीवर घेऊन बसायला नाही. टेबल लागतं.

फोनवरचं अ‍ॅप

यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप 2008 पासून आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. वर सांगितलेल्यांपैकी आर.व्ही., सी.एल. आणि समकालीन या तिन्ही मराठी आवृत्त्या त्यात आहेत. अभ्यासाला सगळ्यात उपयोगी सोय म्हणजे वचनावर बोट ठेवलं की येणारा तुलनेचा पर्याय. तेच वचन इतर आवृत्त्यांत एकाखाली एक दिसतं. 2:16, 3:24, 5:6 आणि 6:5 ही वचनं तरी अशी बघून घ्यावीत. लॅपटॉपवर अ‍ॅपच्या वेबसाइटवर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी लावता येतात, तयारी करणाऱ्याला ते सोयीचं पडतं. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी गट भरत असेल तर आवृत्ती आधी डाउनलोड करून घ्यावी. सगळ्या आवृत्त्यांना ती परवानगी नसते, म्हणून आदल्या रात्री फोन फ्लाइट मोडवर टाकून पत्र उघडतंय ना ते तपासावं.

फोनवर वाचण्याची अडचण वेगळीच आहे. पडद्यावर एका वेळी सहा-सात वचनं दिसतात, आणि तळटीप छोट्या चिन्हामागे दडलेली असते, ती कोणी उघडत नाही. शिवाय फोनवरचं वाचन सुट्या वचनांकडे ओढतं. 5:1 चं चित्र सकाळी स्टेटसवर जातं, 5:22 चं भिंतीवर. ‘ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्यासाठी मुक्त केलं’ हे वाक्य एकटं वाचलं तर ज्याला जे नको असेल त्यातून सुटका, असा अर्थ ज्याचा तो लावतो. त्याच्या आधीची चार अध्यायांची झटापट दिसत नाही आणि बारा वचनांनी येणारं ‘प्रीतीने एकमेकांचे दास व्हा’ हेही दिसत नाही. बैठकीत फोन फक्त तुलनेसाठी उघडावा, वाचन कागदावर करावं.

आय.आर.व्ही. आणि घरी छापलेले कागद

सगळ्यात कमी ओळखली जाणारी, आणि या कामाला सगळ्यात सोयीची गोष्ट ही. इंडियन रिवाइज्ड वर्जन, म्हणजे आय.आर.व्ही., मराठीतही आहे, आणि ती क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन-शेअरअलाइक 4.0 परवान्याखाली खुली केलेली आहे. म्हणजे गटासाठी प्रती काढायला कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. आवृत्तीचं, प्रकाशकाचं आणि परवान्याचं नाव खाली छापायचं, काही बदल केला असेल तर तसं लिहायचं, आणि बदललेली प्रत पुढे वाटली तर त्याच परवान्याखाली वाटायची. इतर बहुतेक आवृत्त्यांना प्रकाशकाचे हक्क आहेत, त्यांची झेरॉक्स काढून वाटू नये.

मजकूर वेबपानावरून घ्यावा, पीडीएफवरून नाही. पीडीएफमधून उचललेलं देवनागरी वर्डमध्ये टाकलं की रफार उडतो, जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि ते हाताने दुरुस्त करण्यात संध्याकाळ जाते. पत्र सलग उतरवल्यावर शीर्षकं काढावीत, अध्यायांचे आकडे काढावेत, वचनांचे आकडे बारीक करून समासात ढकलावेत. नोटो सेरिफ देवनागरी किंवा मंगल, 14 पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, आणि उजवीकडे 6 सेंटिमीटर मोकळा समास. अंदाजे दहा-अकरा पानं होतात, पाठपोट छापलं तर माणशी सहा कागद. पिन वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच मारावी, म्हणजे पानं मागे दुमडून हातात धरता येतात.

पवित्र शास्त्रावर रेघा मारायला अनेकांचा हात धजत नाही. या कागदांवर तो संकोच राहत नाही. प्रश्नचिन्हं, बाण, ‘हे पटत नाही’ असे शेरे, सगळं समासात येतं, आणि गट खऱ्या अर्थाने वाचायला लागतो.

आय.आर.व्ही.ची भाषा आर.व्ही.च्या जवळची, पण काही ठिकाणी सोपी आहे. व्यासपीठावरच्या वाचनाला ती अजून रुळलेली नाही. कागदी प्रतीसाठी मात्र दुसरा इतका सरळ पर्याय मराठीत नाही.

पंडिता रमाबाईंचा अनुवाद

हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती सदनात बसून रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. साध्या बायकांना कळावं हा त्यांचा आग्रह होता आणि खिळे जुळवण्याचं, छापण्याचं कामही तिथल्या स्त्रियांनी केलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. गटाच्या हातात द्यायला ही आवृत्ती आज व्यवहार्य नाही. पण ‘यहूदी व हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री’ हा भेद उरला नाही, असं सांगणारं 3:28 वाचताना, हे वचन ज्यांना शिकण्याची दारं बंद होती अशा मराठी स्त्रियांच्या हातून कागदावर उतरलं, एवढं तरी गटाला सांगावं.

बैठका कशा बसवाव्यात

सहा अध्याय म्हणून सहा आठवडे, अध्यायाला एक, अशी वाटणी सर्रास होते आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. पहिल्या बैठकीत फक्त पूर्ण पत्र ऐकावं, चर्चा नाही. दुसरीत 2:11-21, तिसरीत 3:1 ते 4:7 अध्यायाच्या रेषेवरून सरळ पुढे, चौथीत उरलेला चौथा अध्याय, पाचवीत 5:1 ते 6:10, आणि सहावीत पुन्हा पूर्ण पत्र, या वेळी आर.व्ही.मधून. पहिल्या अध्यायातला पौलाचा आत्मवृत्तान्त दुसऱ्या बैठकीच्या सुरुवातीला पंधरा मिनिटांत घ्यावा. अब्राहामाची दासी हागार आणि बायको सारा यांचा दाखला (4:21-31) सगळ्यात अवघड, त्याला घाई नको. तिथे कोणत्याही आजच्या धर्माला ‘दासीची मुलं’ ठरवण्याकडे चर्चा वळली तर लगेच आवरावी. पौल स्वतः यहूदी आहे, आणि त्याचा वाद ख्रिस्ताला मानणाऱ्याच उपदेशकांशी आहे.

जास्तीत जास्त वेळ दुसऱ्या बैठकीला द्यावा. अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली तसा तो मागे सरकू लागला, वेगळा बसू लागला, आणि बाकीचे यहूदी, अगदी पौलाचा सोबती बर्णबाही, त्याच्यामागे गेले. मराठी माणसाला याला वेगळं नाव शोधावं लागत नाही. हा पंक्तिभेद आहे. पेत्राने कुठलीही चुकीची शिकवण दिलेली नाही, त्याने फक्त ताट उचलून दुसरीकडे नेलं. पौलाच्या मते तेवढ्यानेच सुवार्तेचं सत्य वाकडं झालं (2:14). कारण ज्याला देवाने आपल्या पंगतीला बसवलं, त्याला ‘अजून थोडं कमी आहे’ असं ते ताट सांगत होतं.

आपल्याकडे हा परिच्छेद जपून, पण टाळाटाळ न करता वाचायला हवा. अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं, तेव्हापासून जातीचा प्रश्न मराठी मंडळ्यांच्या उंबऱ्यावर उभा आहे. आजही स्थळ बघताना ‘मूळचे कोण’ हे हळूच विचारलं जातं. गटात कोणी हे बोलून दाखवलं तर त्याला ‘वाद नको’ म्हणून गप्प करू नये. पौलाने सगळ्यांदेखत वाद घातला आणि तो पत्रात लिहून ठेवला.

दुसरी हमखास येणारी चर्चा नियमांची. टिकली लावावी का, शेजाऱ्याकडच्या पूजेला जावं का, उपवासकाळात मांसाहार चालतो का, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला नाही तर आशीर्वाद थांबतो का. यादी काढून एकेकाचं ‘चालतं-चालत नाही’ ठरवायला बसू नये. त्याऐवजी पौलाचे दोन सहकारी समोर ठेवावेत. तीताची सुंता पौलाने होऊ दिली नाही (गलती 2:3), तीमथ्याची त्याने स्वतः केली (प्रेषितांची कृत्ये 16:3). कृती तीच, निर्णय उलटे. तीताच्या वेळी सुंतेची मागणी अट म्हणून होत होती, ती मानली असती तर तारणाला पुरवणी जोडल्यासारखं झालं असतं. तीमथ्याच्या वेळी अट नव्हती, त्याची आई यहूदी होती आणि यहूद्यांमध्ये काम करताना अडथळा नको म्हणून पौलाने ते प्रेमापोटी केलं. टिकलीपासून दशांशापर्यंत प्रत्येक प्रश्नाला हे दोन प्रश्न विचारायचे: हे केल्याशिवाय मी देवाचं मूल नाही, असं कोणी सांगतंय का? आणि माझ्या करण्या-न करण्याने शेजारचा बांधला जातो की उभारला जातो? मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8 ते 10 हे अध्याय पुढच्या आठवड्याला घरी वाचायला द्यावेत.

पाचव्या अध्यायातल्या देहाच्या कर्मांची यादी वाचताना गट दारू आणि व्यभिचार यांच्यापाशी थांबतो. कागदावर मोजायला लावावं. आर.व्ही.त पंधरा गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या आठ वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा या आहेत. मंडळीच्या कमिटीत, निवडणुकीच्या मोसमात जे चालतं तेच. 5:15 मधला ‘एकमेकांना चावून खाऊन टाकाल’ हा इशारा इथे जोडून वाचावा. आणि आत्म्याचं फळ एकवचनी आहे, नऊ गुणांची गुणपत्रिका करून कोणी स्वतःला मार्क देऊ लागलं की गट पुन्हा तिसऱ्या अध्यायाच्या आधीच्या जागी जाऊन पोचतो.

दहा जणांच्या गटाला एकूण खरेदी फार नाही. आर.व्ही. बहुतेकांच्या घरी असतेच. डोळे अधू झालेल्यांसाठी मोठ्या टायपाची एक प्रत, गट चालवणाऱ्याजवळ सुबोध बायबल, आणि साठ-पासष्ट कागद. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर ऑडिओ असलेली मराठी आवृत्ती निवडावी आणि पत्र पहिल्या बैठकीच्या आधी घरी एकदा, नंतर एकदा ऐकायला सांगावं. ऑडिओ सुरू करण्याआधी अध्याय आपोआप पुढे जातोय ना ते बघा. नाहीतर तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी आवाज थांबेल, आणि वारसाचं वाक्य अर्ध्यावर राहील.